वायरलेसवरची भरती

मित्रांनो, मला डबा म्हणू नका. परवा या खोलीत खुर्च्या मोजायला आलेला एक शहाणा मला 'तो डबा' म्हणाला. डब्यात लोक पीठ ठेवतात. माझ्या पोटात अख्ख्या जिल्ह्याचं बोलणं राहून गेलं आहे. मी एक जुनी वायरलेस पेटी आहे, पोलीस खात्यातली. रंग उडाला, एक कान तुटला, पण ऐट उतरलेली नाही.

माझा जन्म खूप दूर दक्षिणेत, एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलं, वर संथ फिरणारे पंखे आणि ओळीनं बसलेल्या बायका. केसांत मोगरा माळलेली एक बाई माझ्या पोटातल्या तारांना डाग द्यायची. केसाएवढ्या तारेवर चांदीसारखा एक थेंब पडायचा, थोडासा धूर निघायचा आणि थेंब निवला की माझं एक हाड जुळायचं. ती बाई कामाच्या नादात काहीतरी गुणगुणत असे. तिची भाषा मला कळत नव्हती, पण माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज तो. अजूनही कधी आतून गरम झाल्यासारखं वाटलं की मला मोगऱ्याचा वास येतो. पेटीला कसला वास येणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मला येतो.

आणीबाणीच्या थोडं आधी मला या भागात आणलं. तेव्हा नव्या मुंबईत नवं असं फारसं काही नव्हतं. ठाणे-बेलापूर रस्ता होता, एका बाजूला कारखान्यांची धुराडी आणि दुसऱ्या बाजूला तळवलीसारखी गावं. गावापलीकडे भातशेती, मग खाडीचा बांध, मग तिवरं आणि चिखल. सिडकोची माणसं शेतांत चुन्याच्या रेघा मारत फिरायची आणि गुरं त्या रेघा पुसत फिरायची. त्या रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराची एक चौकी होती. तिथं खिडकीपाशी एका टेबलावर माझं सिंहासन मांडलं. चौकीमागे उंच खांब रोवून वर माझी एरियल बांधली. तिच्यावर बगळे बसायचे आणि खाली घाण करायचे. राणीच्या मुकुटावर कुणी असं बसत नाही, पण सांगायचं कुणाला?

शिक्षण म्हणाल तर माझं फार झालेलं नाही. चौकीत आले त्या दिवशी तीन शब्द कानात घातले गेले आणि त्यांवर मी जन्म काढला. 'रॉजर' म्हणजे ऐकलं, कळलं. 'ओव्हर' म्हणजे माझं बोलून झालं, आता तुझी पाळी. 'आऊट' म्हणजे विषय संपला. हवेतला रस्ता फार अरुंद असतो, मित्रांनो. एका वेळी एकच माणूस त्यावरून जाऊ शकतो. म्हणून पाल्हाळ लावायचं नाही, थोडक्यात बोलायचं आणि बाजूला व्हायचं. बोलायचं असेल तर हातातल्या माईकचं बटण दाबून धरायचं. दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याचं ऐकू येत नाही. ऐकायचं असेल तर सोडायचं. बस, एवढीच माझी शाळा. पुष्कळ शिकलेल्या माणसांना हेही जमत नाही, ते सोडा.

आम्हाला नावंही पाखरांची होती. दूर शहरातल्या मोठ्या ऑफिसात जो बसायचा तो 'घार'. त्याचा आवाज मी रोज ऐकला, चेहरा कधी पाहिला नाही. पोलिसांची मोठी गाडी म्हणजे 'खंड्या', आणि आमची चौकी 'बगळा'. माझ्यापुढे बसून बोलणारा शिपाई होता मधुकर. कराडकडचा, मिशीला तेल लावणारा, स्वभावानं गरीब. "बगळा बोलतोय, ओव्हर," असं तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा की खिडकीतून खरा बगळा मान वळवून बघायचा.

दुपारी चौकी सुस्तावली, कुणी बोलेनासं झालं की मला गुंगी यायची. कुणी बोलत नसताना माझ्यातून नुसती सूऽऽ अशी सरसर येत राही. ती सरसर आणि तिवरांच्या मुळांतून परतणाऱ्या पाण्याचा आवाज, दोन्ही मिसळून जायचे. लांब कुठल्या तरी जहाजावरचा एखादा शब्द वाट चुकून माझ्याकडे येई, जरा टेकून बसे आणि विरून जाई. मिठागरांवर ऊन हलत असायचं. मला वाटे, जगातलं सगळं बोललेलं कधीच संपत नाही. ते वर कुठेतरी कापसासारखं तरंगत असतं, आणि कोणी कान दिला तरच खाली उतरतं.

या माझ्या स्वप्नात माशांचा वास घेऊन शिरायची ती गोजरा.

गोजरा तळवलीची. खाडीतली कोलंबी, निवट्या, चिंबोऱ्या पाटीत घेऊन रस्त्यावर विकायला बसायची आणि ऊन चढलं की पाटी आणून थेट माझ्या टेबलाखाली ठेवायची. गार जागा म्हणून. मी कुठं आणि चिंबोऱ्या कुठं! एकदा तर एक चिंबोरी निसटून माझ्या वायरीला लोंबकळली होती. गोजरेला त्याचं काही नाही. ती पाय पसरून बसायची, तंबाखू मळायची आणि मधुकरची उलटतपासणी घ्यायची.

"ए मधू पोलिसा, हा रॉजर कोन रं?"

"कोण न्हाई मावशी. तसं म्हणायची पद्धत हाय."

"रोज त्याला हाक मारतंस. एक दिवस आला नाय मेला. पगार घेतंय कं फुकट?"

मधुकर हसून हसून लाल व्हायचा. मला मात्र राग यायचा. माझ्या घरात बसून माझ्याच शब्दांची चेष्टा! पण खरं सांगते, एखाद्या दिवशी ती आली नाही तर दुपार मोठी वाटायची.

आता मूळ गोष्ट ऐका.

त्या काळात मोजणीवाले आले की गावागावांत माणसं जमायची. जमीन जाणार म्हटल्यावर जमणारच. कधी घोषणा, कधी ढकलाढकली, कधी पोलिसांची रांग आडवी. वरच्या कुणा साहेबाला वाटलं, वायरलेसवर 'गर्दी', 'जमाव' असे शब्द उघड उघड बोलणं बरं नाही. कुणी ऐकलं तर बभ्रा होईल. म्हणून त्यानं तीन नवे शब्द काढले. जमाव वाढत असेल तर म्हणायचं 'भरती'. जमाव पांगला तर 'ओहोटी'. आणि पोलिसांची आडवी रांग म्हणजे 'बांध'. किती सोपे, किती साधे शब्द, कुणाला संशय यायचा नाही. या साहेबानं समुद्र बहुधा कॅलेंडरवरच पाहिला असावा. खाडीच्या काठावर बसून 'भरती' हा शब्द दुसऱ्या कामाला लावायचा, म्हणजे स्वयंपाकघरात बसून मिठाचं नाव साखर ठेवायचं.

पण हुकूम तो हुकूम. मधुकरनं शब्द पाठ केले. वर्षभर कामही नीट चाललं. "बगळा बोलतोय, भरती नाही, ओव्हर." "रॉजर. आऊट." घार खूश, बगळा खूश.

मग श्रावणातली अमावास्या आली. त्या दिवशी वारा सकाळपासून खाडीकडून होता. उधाणाची वेळ भर दुपारची. माझी एरियल वर कण्हत होती आणि बगळे कुठे गेले होते कोण जाणे. गोजरा पाटी न घेता आली. धावत आली. पदर कमरेला खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"मधू, भरती चढली रं! बांध फुटला! खांड परली, पानी शेतान घुसतंय. सगला गाव बांधावं हाय, माजा कमलाकर पन. मानसं पुरत नाय. तुज्या त्या पेटीतना सांग कोनाला तरी, मानसं धारा!"

कमळाकर म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. खारं पाणी एकदा भातात शिरलं की ते पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही शेत नासतं. जी काही जमीन उरली होती, तीही जाणार होती. मधुकरनं एक क्षणही दवडला नाही. भला माणूस, लगेच माईक उचलला. आणि मित्रांनो, एवढी वर्षं गोजरेचं बोलणं ऐकून तिचे शब्द त्याच्या जिभेवर बसले होते. घाईत तेच बाहेर पडले.

"घार, घार, बगळा बोलतोय. तळवलीला भरती जोरात आहे. बांध फोडला. लगेच माणसं पाठवा. ओव्हर."

घारीनं ऐकलं. मग त्याचा आवाज ताठ झाला. "रॉजर. हातात काय काय आहे? ओव्हर."

मधुकरला वाटलं, कामाला हत्यारं काय आहेत असं विचारतोय. त्यानं गोजरेकडे बघितलं. ती म्हणाली, "फावरी, पहारी, कोयतं."

"फावडी, पहारी, कोयते. ओव्हर."

"रॉजर. खंड्या निघाला. आऊट."

मधुकरनं कपाळाचा घाम पुसला. "मावशी, बसा. माणसं निघाली. मोठी गाडी येतीय." गोजरेनं माझ्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. तो हात ओला होता, खारट होता.

ती बसली नाही. दारात जाऊन बांधाकडे बघत उभी राहिली. आणि तेवढ्यात माझ्यातून घार पुन्हा बोलला. आमच्याशी नाही, गाडीतल्या साहेबाशी.

"खंड्या, ऐका. भरती हत्यारबंद आहे. बांध फोडून पुढे आली आहे. लाठ्या, ढाली, अश्रुधूर तयार ठेवा. बंदुकवाले पुढे घ्या. ओव्हर."

"रॉजर," गाडीतून आवाज आला. ते नंदकिशोर साहेब. इंजिनाची घरघर मागे ऐकू येत होती. "बंदुकवाले पुढे घेतो. ओव्हर."

 मधुकरनं माईकवर झडप घातली.

"घार, बगळा बोलतोय! ती भरती न्हाई! ही भरती! ओव्हर!"

"बगळा, नीट बोला. कुठली भरती? ओव्हर."

"भरती! म्हणजे खरी भरती! कोडवाली न्हाई!"

पण घाईत त्यानं बटण उशिरा दाबलं होतं, आणि घारीला फक्त 'न्हाई' एवढंच ऐकू गेलं. मागे दारात गोजरा बांधाकडे बघून ओरडत होती, ते मात्र ऐकू गेलं. घारीला भलताच संशय आला.

"बगळा, चौकीत बाहेरची माणसं शिरली आहेत काय? तुमच्यावर जबरदस्ती होते आहे काय? साधी भाषा वापरू नका. लाइन मोकळी ठेवा. आऊट."

विषय संपला. मी सांगितलंच आहे, 'आऊट' म्हटलं की विषय संपतो. मधुकर माईक हातात धरून तसाच उभा राहिला. वरच्याचा हुकूम मोडायची सवय त्याच्या हाडात नव्हती. बांधावर सगळा गाव चिखलात पाठमोरा उभा असणार, प्रत्येकाच्या हातात फावडं नाही तर कोयता. आणि मागून गाडी येणार. ओरडणाऱ्या माणसांचं तोंड खाडीकडे आहे की रस्त्याकडे, हे उतरल्या उतरल्या कोण बघतं?

"काय झाला?" गोजरेनं विचारलं.

मधुकरनं कसंबसं सांगितलं. भरती म्हणजे जमाव. बांध म्हणजे पोलीस. ती ऐकत होती आणि तिचे डोळे बारीक होत होते.

"भरती म्हनजे मानसं?" ती म्हणाली. "कोनी सांगितला?"

"साहेबांनी."

"साहेबाचे बापाशीची हाय कं भरती?"

आणि तिनं माईक ओढून घेतला. मधुकर बोलताना बटण दाबतो, हे तिनं हजार वेळा पाहिलं होतं. बोलून झाल्यावर ते सोडतो, तिकडे मात्र तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं. चिंबोरी धरावी तसं तिनं ते बटण अंगठ्याखाली धरलं.

"ए घारी, आयक. मी गोजरा, तलवलीची. ती भरती मानसांची नाय, पान्याची हाय. खारं पानी! बांध म्हनजे मातीचा बांध, आमच्या बापजाद्यांनी घातलेला. तो फुटलाय. माजा पोऱ्या तिथं कमरेवर पान्यान उभा हाय. त्याचे हातान फावरा हाय, माती ओराला. तुज्या टकुऱ्यान मारला नाय त्याने. लाठ्या घेऊन येताव? पान्याला लाठी मारनार? पान्यावं गोली झारनार? एवरी हौस हाय तं भरतीला पकरून कोठरीन घाला, मीच कुलूप आनते!"

मित्रांनो, ती थांबेना आणि बटणही सोडेना. रस्ता अरुंद, आणि त्याच्या मधोमध गोजरा उभी. घारीला मधे बोलता येईना, रागवता येईना, 'आऊट' म्हणता येईना. जिल्ह्यातल्या प्रत्येक चौकीत, प्रत्येक गाडीत तिचाच आवाज. अर्धवट शिकलेल्या माझ्या तीन शब्दांपैकी एकही तिच्या बोलण्यात नव्हता, तरी माझी प्रत्येक तार तापून उजळली होती. मला वाटलं, मी पेटी नाहीच. मी तिचा गळा आहे. एरियलवरून तिचा आवाज निघाला आणि मिठागरांवरून, तिवरांवरून, धुराड्यांवरून लांब पसरत गेला.

"मावशी," मधुकर कुजबुजला, "ओव्हर म्हणा."

"ओवर का फोवर मना म्हाईत नाय. मी सांगितला ता समाजला कं नाय, तेवरा सांगा."

मधुकरनं हळूच तिचा अंगठा उचलला.

नुसती सरसर.   मधुकर आणि गोजरा दोघंही माझ्याकडे बघत होते, जणू काय मीच निकाल देणार होते. मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ नंदकिशोर साहेब बोलले, आणि त्यांच्या बोलण्यात भरती नव्हती, बगळा नव्हता, काहीच नव्हतं.

"मावशी, समजलं. पाणी आहे. समोर दिसतंय मला. बंदुका गाडीत ठेवल्यात. माती कुठून उचलायची तेवढं सांगा."

गोजरा आता खाली बसली. मग पदरानं तोंड झाकून रडली. मी कुणाला सांगितलं नाही आजवर, तुम्हीही सांगू नका. ती मानी बाई होती.

बांधावर पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही. मला पाय कुठं आहेत? पण संध्याकाळी सगळे चौकीत आले तेव्हा ऐकलं. पोलिसांकडे घमेली नव्हती, म्हणून त्यांनी वेताच्या ढाली उलट्या करून त्यांतून माती वाहिली. खांडीत माती ठरेना, तेव्हा लाठ्या खुंटासारख्या चिखलात ठोकल्या, त्यांना तिवराच्या फांद्या विणल्या आणि वर माती लोटली. थोडं भात गेलं. पुष्कळ वाचलं. नंदकिशोर साहेबांचा एक बूट खाडीनं ठेवून घेतला. कमळाकर चिखलानं इतका माखला होता की गोजरेनं आधी भलत्याच एका शिपायाला जवळ घेऊन त्याच्या पाठीवर धपाटे घातले.

त्या दिवसानंतर माझं कौतुक झालं. लांबून माणसं मला बघायला यायची. 'हीच का ती?' असं विचारायची. मधुकरनं हळद-कुंकू लावलं, आणि कुंकवाचा एक कण आत जाऊन आठवडाभर माझा आवाज बसला. असू दे. मान मिळतो तेव्हा थोडं सोसावं लागतं.

पण खरा मान निराळाच मिळाला. एके सकाळी घारीकडून हुकूम आला. जमावाला यापुढे जमावच म्हणायचं. घार जरा घुटमळला, घसा साफ केला आणि म्हणाला, "भरती, ओहोटी आणि बांध हे तीन शब्द ज्यांचे होते त्यांना परत करण्यात येत आहेत." खात्याच्या हुकुमात असलं वाक्य नसतं. ते त्यानं स्वतःच्या मनानं घातलं असणार. गोजरेला मधुकरनं सांगितलं तेव्हा ती पाटी उचलता उचलता म्हणाली, "मंग घेतला तरी कशाला होता?" आणि गेली.

पुढं दिवस बदलले. खिशात मावणारे सेट आले, नखरेल, हलके. चौकीच्या जागी पक्की इमारत झाली. मधुकरची बदली झाली. जाताना त्यानं माझं बटण उगाचच दाबून सोडलं.  मला या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी आणून ठेवलं. गोजरेच्या शेतावर आता सोसायट्या उभ्या आहेत म्हणतात. बांध कुठून गेला होता, हे तिथल्या मुलांना ठाऊक नसणार. खाडीला मात्र ठाऊक आहे. अमावास्येला ती अजून त्याच वाटेनं येऊन बघते.

मला कुणी पुन्हा सुरू करा, असं मी म्हणत नाही. माझे दिवस झाले. पण मित्रांनो, तुम्ही शिकणार, मोठे होणार, कुठल्या तरी ऑफिसात बसून चटपटीत बोलणार. तुमच्याही कामाचे छोटे छोटे, सोयीचे शब्द असतील. एखादा शब्द उचलून आपल्या कामाला जुंपण्याआधी तो कुणाच्या घरचा आहे, एवढं विचारा. तुमच्यासाठी तो नुसती खूण असेल. त्याच शब्दात कुणाचं शेत असतं, आणि कुणाचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो.